छतावरचं आकाश घेण्याआधी छतावरचा पंखा बघा

सा. न. वि. वि.

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, दिवाळीनंतर राधानगरी तालुक्यातल्या गावाहून आमच्याकडे कोल्हापुरात, राजारामपुरीत राहायला आले. वय ७४, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. गावी असताना खळ्यावर अंथरूण टाकून नातवंडांना नक्षत्रं दाखवायचे. इथे आम्ही चौथ्या मजल्यावर. गच्चीचा जिना त्यांना चढवत नाही, आणि चढले तरी रस्त्यावरच्या दिव्यांत मोजके तारे दिसतात. मुलगी सातवीत गेली, तिचा वाढदिवस जूनमध्ये. तिला आणि आप्पांना मिळून तारे दाखवणारा प्रोजेक्टर घ्यावा असं मनात आहे. मिस्टरांनी १,८०० रुपयांचा हिरवा-जांभळा ‘गॅलेक्सी’ प्रोजेक्टर ऑनलाइन बघून ठेवलाय. पुण्याचा भाचा म्हणतो, घ्यायचा तर जपानी घे, पंधरा-वीस हजार गेले तरी चालतील. धाकटा मुलगा चार वर्षांचा आहे. खोली दहा बाय बारा, पीओपीचं छत, मधोमध पंखा. घ्यावा का? घेतला तर कोणता? की हा सगळा पैशाचा चुराडा?

एक सून, राजारामपुरी

ताई,

तुमच्या पत्रात सगळ्यात कामाची माहिती शेवटी आली आहे. पीओपी आणि पंखा. पण आधी मिस्टरांच्या कार्टमधल्या वस्तूचा निकाल लावू.

ते यंत्र वाईट नाही, पण ते आकाश दाखवत नाही. त्यात हिरव्या लेझरचा एक किरण असतो. बारीक रेघांच्या जाळीतून तो गेला की त्याचे शेकडो ठिपके होतात. मागे रंगीत एलईडी असतो, लहरी असलेल्या काचेतून त्याचा प्रकाश पडला की जांभळा-निळा ढग तरंगतो. झोपायच्या खोलीत मंद दिवा म्हणून छान दिसतं, वाढदिवसाच्या पार्टीत पोरं खूशही होतात. पण ते ठिपके जाळीने पाडलेले आहेत. त्यात सप्तर्षी नाहीत, कृत्तिकांचा पुंजका नाही, मृगाच्या पोटातला बाण नाही. सगळे तारे एकाच हिरव्या रंगाचे आणि जवळपास एकाच तेजाचे. ज्या माणसाने आयुष्यभर खळ्यावरून आभाळ बघितलंय तो पाच मिनिटं बघेल आणि म्हणेल, “यातली रोहिणी कुठली गं?” तुमच्याकडे उत्तर नसेल, कारण कंपनीकडेही नाही.

धाकट्याचा विचार करता मी त्याला आणखी एका कारणासाठी नाही म्हणेन. लेझरचे वर्ग ठरलेले असतात, त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०८२५-१. दुसऱ्या वर्गातल्या लेझरची मर्यादा एक मिलिवॉट. चुकून डोळ्यात गेला तर पापणी आपोआप मिटते आणि तेवढ्यावर निभावतं. पण चार वर्षांचं पोर चुकून बघत नाही, ते भिंगाला डोळा लावून बघतं! त्यात स्वस्तातल्या बऱ्याच हिरव्या लेझरमध्ये हिरवा रंग मुळात न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांपासून तयार केलेला असतो. ते किरण अडवणारा फिल्टर बसवलेला नसेल तर हिरव्याबरोबर तेही बाहेर पडतात आणि त्यांच्यासाठी पापणी मिटत नाही. खोक्यावर लेझरचा वर्ग छापलेला नसलेलं कुठलंही यंत्र लहान मूल असलेल्या घरात आणू नका, मग ते १,८०० चं असो की आठ हजारांचं.

आता भाच्याचं ‘जपानी’. तो बहुधा सेगा टॉईजच्या होमस्टारबद्दल बोलतोय. ताकायुकी ओहिरा या जपानी तारांगणकर्त्याच्या मदतीने तो बनवला आणि २००५ साली बाजारात आला. त्यानंतर त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या, आणि त्याच धर्तीवरची दुसऱ्या कंपन्यांची यंत्रंही मिळतात. यात लेझर नसतो. पांढरा एलईडी, त्यासमोर ताऱ्यांचा खराखुरा नकाशा छापलेली काचेसारखी चकती आणि पुढे भिंगं. जुन्या काळच्या स्लाइड प्रोजेक्टरचंच तत्त्व. होमस्टारच्या चकतीवर सुमारे ६० हजार तारे असतात. आता हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. अगदी काळोख्या माळावर उभं राहिलं तरी नुसत्या डोळ्यांना एका वेळी अडीच-तीन हजारच तारे दिसतात. बाकीचे ५७ हजार सुटे दिसण्यासाठी नसतातच. आकाशगंगेचा दुधट पट्टा त्यांच्यातून बनतो आणि म्हणून तो रंगवलेला वाटत नाही. आप्पांना तो पट्टा ओळखू येईल. एवढ्यासाठी मी याच प्रकाराच्या बाजूने आहे.

तर घ्या, पण चकतीचा घ्या. आणि घेण्याआधी घरात टेप घेऊन फिरा.

या यंत्रांना अंतर लागतं. साधारण दोन-सव्वादोन मीटरवरून ती सुमारे पावणेतीन मीटर व्यासाचं वर्तुळ पाडतात. त्याहून फार जवळ किंवा फार लांब ठेवलं तर तारे टोकदार होत नाहीत. तुमची खोली दहा फूट रुंद म्हणजे तीन मीटर. वर्तुळ छतावर जेमतेम मावेल, पण मधोमध पंखा आहे. पंख्याची पाती छताच्या फूटभर खाली, म्हणजे त्यांच्यावर पडणारे तारे फोकसबाहेर, आणि पंखा चालू असला की तेवढा भाग नुसता लुकलुकणार. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यात पंखा बंद ठेवून कोण बसणार? पीओपीची दुसरी अडचण. कडेचा पट्टा खाली आणि मधला भाग वर असला की एक ठीक दिसतो तर दुसरा पुसट. शिवाय दोन नव्या गुडघ्यांचा माणूस गादीवर उताणा झोपून तासभर छत बघेल, ही कल्पना तुमची आहे, त्यांची नाही. जमिनीवर झोपलेलं उठायचं म्हणजे केवढं काम!

म्हणून छत सोडा, भिंत घ्या. आणि घ्यायची तर उत्तरेची घ्या. शक्य असेल तर तिथलं कपाट-कॅलेंडर हलवून भिंत मोकळी करा. रंग पांढरा किंवा फिकट हवा, चकचकीत ऑईलपेंट नको.

उत्तरच का, ते सांगतो. उत्तर गोलार्धाच्या चकतीच्या मधोमध ध्रुव तारा असतो आणि मोटर चालू केली की सगळं आकाश त्याच्याभोवती फिरतं. छतावर पाडलं तर ध्रुव डोक्यावर येतो. डोक्यावर ध्रुव फक्त उत्तर ध्रुवावर दिसतो. कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश, म्हणून आपल्याकडे ध्रुव उत्तर क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर, पार खाली असतो. आप्पांनी तो तिथेच बघितलाय. आता हिशेब करा. खुर्ची भिंतीपासून दहा फुटांवर ठेवली तर १७ अंश म्हणजे डोळ्यांच्या पातळीपासून तीन फूट वर. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून चार फुटांवर धरले, तर भिंतीवर सात फुटांवर पेन्सिलने बारीक खूण करा आणि ध्रुव त्या खुणेवर आणा. प्रोजेक्टर खुर्चीच्या पुढे स्टुलावर, भिंतीपासून सात फुटांवर, तोंड थोडं वर. वर्तुळाचा वरचा भाग छतावर वळेल, वळू दे. कडेचे तारे जरा पुसट होतील, तेही चालेल. सगळं आकाश एका वर्तुळात कोंबलेलं असल्याने मापं तंतोतंत बसणार नाहीत, पण ध्रुव जागेवर आला की माणसाला दिशा सापडते. मोटरची दिशा बदलता येत असेल तर तारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतील अशी ठेवा, उत्तरेकडे तोंड केल्यावर खरं आकाश तसंच फिरतं.

फोकस लावायचं काम मुलीला द्या. भिंगाभोवतीची कडी अगदी हळू फिरवायची आणि नजर बाणाच्या तीन ताऱ्यांवर ठेवायची. आधी तिथे पिठाचे तीन डाग असल्यासारखं दिसतं, मग ते आक्रसत जातात, आणि एका क्षणी टाचणीने टोचल्यासारखे होतात. त्याच्यापुढे गेलं की परत फुगतात. तिथून केसभर मागे. एकदा जमलं की कडीवर आणि स्टुलाच्या पायांशी खूण करून ठेवा, म्हणजे रोज नव्याने खटपट नको.

अंधाराकडे मात्र कुणी लक्ष देत नाही आणि मग यंत्राला नावं ठेवतात. तीन-पाच वॉटचा एलईडी तो, रस्त्यावरच्या दिव्याशी काय टक्कर देणार? महाद्वार रोडवरून जाड अस्तराचं पडद्याचं कापड आणा आणि खिडकीच्या चौकटीपेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठं शिवून घ्या, प्रकाश कडेनेच येतो. दाराखालच्या फटीला जुनं गोधडीचं गुंडाळं. सेट-टॉप बॉक्स, वायफाय, इन्व्हर्टर यांचे बारीक दिवे काळ्या चिकटपट्टीने झाका. एवढं करून दिवा मालवल्यावर वीस मिनिटं थांबा, कारण डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. त्या वीस मिनिटांत कुणी मोबाइल उघडला तर सगळ्यांची मेहनत पाण्यात.

आता या यंत्रात काय नाही, ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे आप्पांची निराशा व्हायला नको. चंद्र नाही, सूर्य नाही, ग्रह नाहीत. ग्रह जागा बदलतात, ते चकतीवर छापणार कसे? अगस्त्य असेलच असं धरू नका. आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा आहे तो, आपल्याकडे दक्षिणेला वीस अंशांपर्यंत चढतो आणि फेब्रुवारीच्या संध्याकाळी व्याधाच्या खाली सहज दिसतो. पण टोकियोतून तो क्षितिजाला घासून जातो आणि लंडनमधून कधीच दिसत नाही. यंत्रं बनवणाऱ्यांचं आकाश त्यांच्या गावचं असतं. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला अगदी खाली दिसणारा त्रिशंकूही तसाच. दक्षिण गोलार्धाची चकती वेगळी मिळते, ती आप्पांनी मागितली तर पुढे घ्या. काही चकत्यांवर तारे जोडणाऱ्या रेघा असतात, पण त्या ग्रीक आकृत्यांच्या. तिथे शिकारी आहे, मृग नाही. खोक्यात बहुतेक वेळा रेघांची एक आणि बिनरेघांची एक अशा दोन चकत्या येतात. बिनरेघांची लावा. मृग, रोहिणी, पुनर्वसू कुठे ते आप्पांनी काठीने दाखवायचं. (काठीनेच. लेझर पॉइंटर घरात नको, कारण वर सांगितलंय.)

ग्रह-चंद्राची उणीव फुकटात भरून निघते. स्टेलेरियम नावाचा संगणकावरचा प्रोग्रॅम मोफत आहे. ठिकाण कोल्हापूर द्या, तारीख-वेळ द्या, त्या क्षणीचं आपलं आकाश समोर येतं. त्यात भारतीय नक्षत्रांचा पर्यायही आहे. लॅपटॉप टीव्हीला जोडा आणि हे आधी करून बघा, यंत्राची ऑर्डर द्यायच्या आधी. पंधरा दिवसांत मुलीचा उत्साह मावळला तर वीस हजार वाचले.

मुलीला त्यात एक गंमत करायला सांगा. ठिकाण कोल्हापूर, तारीख ७ जून. गावात सगळे म्हणतात मृग लागला, पेरणी करा. पण त्या रात्री आकाशात मृग शोधला तर सापडत नाही. सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून ते दिवसा उगवतं आणि सूर्याबरोबर मावळतं. पावसाची सगळी नक्षत्रं अशी, ज्यात सूर्य त्याचं नाव पावसाला. तरणा पाऊस पुनर्वसूचा, म्हातारा पुष्याचा, पुढे मघा, हस्त. ही सगळी आप्पांच्या माहितीतली गोष्ट आहे आणि सातवीच्या पुस्तकात ती अशी एकत्र मिळायची नाही. दुसरी तारीख द्या १० नोव्हेंबर, मग १ फेब्रुवारी. मावळत्या सूर्याचे किरण देवळात मूर्तीपर्यंत पोचतात, त्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचे हे मधले दिवस. दोन्ही दिवशी मावळता सूर्य क्षितिजावर कुठे आहे ते तिला बघू दे. जवळजवळ एकाच जागी दिसेल, कारण सूर्य सगळ्यात दक्षिणेला जातो त्या २१-२२ डिसेंबरच्या आधी आणि नंतर हे दिवस सारख्याच अंतरावर, सुमारे ४१ दिवसांवर येतात. हे तिने स्वतः शोधलं तर शाळेच्या प्रकल्पाचा विषय मिळाला म्हणून समजा.

प्रकल्पावरून आठवलं, चकतीचं यंत्र परवडत नसेल किंवा मिस्टरांनी डोळे वटारले तर डब्याचं तारांगण आहेच. तुम्ही म्हणाल पोरखेळ, पण अमेरिकेत आर्मंड स्पिट्झने १९४७ साली शाळांना परवडतील असे प्रोजेक्टर काढले ते याच युक्तीवर, बारा बाजूंचं बंद भांडं, त्याला भोकं आणि आत बारीक दिवा. त्याआधी १९२३ पासून झाइस कंपनीची भिंगांची अवजड यंत्रं होती आणि ती शाळांना परवडण्यातली नव्हती. तुम्ही दूध पावडरीचा रिकामा डबा घ्या, तळाला नक्षत्राचा नकाशा ठेवून सुईने टोचा, ठळक ताऱ्याला जाड सुई. आत मोबाइलचा फ्लॅश, परावर्तक असलेली बॅटरी नको, तिने ठिपके फाटतात. नकाशा डब्याच्या आतल्या बाजूने लावून टोचायचा. बाहेरून चिकटवला तर छतावर सगळं उलटं, आरशातलं उमटतं.

वेळेबद्दल. जून उत्तमच. आपल्याकडे पाऊस लागला की ऑक्टोबरपर्यंत आभाळ उघडण्याची खात्री नाही, खरे तारे तसेही दिसणार नाहीत. यंत्राचा उपयोग तेव्हाच. पण आपल्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, कॅमेरा असलेल्या कुणालाही विचारा. वापर झाला की यंत्र झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. चकती कडेने धरायची, बोटाचा ठसा भिंतीवर नारळाएवढा दिसतो. दिवाळीनंतर मात्र एखाद्या अमावस्येच्या शनिवार-रविवारी गाडी काढा आणि आप्पांना गावीच घेऊन जा. खळ्यावर आरामखुर्ची टाकली की गुडघ्यांचा प्रश्न मिटतो. मुलीला भिंतीवर शिकलेलं तिथे ताडून बघता येईल, आणि अगस्त्यही तिथे आहे.

राहिली खरेदी. जपानी यंत्र बाहेरून मागवलं तर इथे दुरुस्ती होत नाही हे गृहीत धरा, म्हणून परत करायची सोय आणि पक्कं बिल असलेल्या ठिकाणाहूनच घ्या, पाच-सातशे जास्त गेले तरी. यूएसबीवर चालणारं असेल तर मोबाइलच्या चार्जरवर चालून जाईल. वेगळा अडॅप्टर आला तर त्यावर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं बघा. नुसतं १०० असेल तर तो जपानच्या विजेसाठी आहे, आपल्या २३० च्या प्लगमध्ये घातलात की संपला. जाहिरातीतले फोटो बघून काही ठरवू नका, ते सजवलेले असतात. गिऱ्हाइकांनी स्वतःच्या घरात काढलेले फोटो बघा आणि त्यात सप्तर्षी सापडतात का तेवढं तपासा. ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय असलेलं बघा, आप्पा खुर्चीतच झोपले तर यंत्र रात्रभर तापायला नको.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवा आणि परतीची मुदत संपायच्या आत एक रात्र पूर्ण चालवून बघा. पहिल्याच रात्री आप्पा म्हणाले की सप्तर्षींचा दांडा भलत्या बाजूला वळलाय, तर घाबरून फोन करू नका. चकती पालथी बसली आहे. काढून उलटी घाला.